वखारीतले, मागावरचे, गुऱ्हाळातले शब्द: आपल्या सीमाभागातली धंद्याची बोली

निपाणीची लेक

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईकडे निपाणीला गेले होते. माळ्यावरचं सामान खाली काढताना बाबांच्या वह्या सापडल्या. बाबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, तीसेक वर्षं. वहीत रोजचं टाचण आहे. बोद किती आले, कुठल्या गावचे, वजन किती भरलं, हमाली किती दिली. माझी मुलगी पुण्यात वाढली, तिला वाचून दाखवायला बसले तर ओळीओळीला थांबावं लागलं. बोद म्हणजे काय गं? वखार म्हणजे दुकान का? खुडणी कशाची?

बोद म्हणजे तंबाखू भरून शिवलेलं भलंमोठं पोतं, एकट्या माणसाला न उचलणारं. खुडणी म्हणजे तंबाखूच्या झाडाचा शेंडा मोडायचा, मग झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरतो. शेंडा मोडला की बगलेतनं फुटवे येतात, तेही काढत राहायचे. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. सुट्टीत मामाच्या रानात गेलं की हाताला काळा चिकटा बसायचा, साबणानं जायचा नाही. शब्द त्याच्याबरोबरच आले.

पण तीन शब्द असे आहेत की त्यांचा अर्थ मलाही सांगता येईना. मुळू, पोकू, भुरका. वहीत ते कुठंच नाहीत, फक्त कानात आहेत. माल दाखवायला आलेला शेतकरी समोर घोंगड्यावर बसलेला असायचा, आणि बाबा, शेठ आणि दलाल आपापसात हे शब्द बोलायचे. शेतकरी नुसता एकाच्या तोंडाकडनं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. कुणाला ठाऊक असतील तर सांगा. आणि तुमच्या घरच्या धंद्यातले शब्दही इथं लिहा. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी, हुक्केरी, जिथले असाल तिथले. माझ्या वयाच्या माणसांबरोबर ते जायला नकोत असं मनापासून वाटतं.

तिसरं गेट

ताई, ती नंदभाषा. व्यापाऱ्यांची आणि दलालांची गुप्त बोली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८५७ ची दुसरी आवृत्ती) हा शब्द सापडतो, म्हणजे तेव्हाही ती चांगली रुळलेली होती. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा पण त्याला कळू द्यायचा नाही, एवढ्यासाठी आकड्यांना वेगळी नावं दिलेली. उधानू म्हणजे ३, पोकू म्हणजे ४, मुळू म्हणजे ५, अंगुळू म्हणजे १०. भुरका म्हणजे रुपया. तुमचे बाबा 'मुळू भुरका' म्हणाले असतील तर पाच रुपये.

मी बेळगावात टिळकवाडीत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. रविवार पेठेतल्या एका कापडदुकानात माझे काका मुनीम होते, त्यांच्या तोंडून लहानपणी उधानू ऐकलंय. तेव्हा मला वाटायचं कुणा माणसाचंच नाव आहे.

चुलवाण

संकेश्वरकडचा आहे मी. आमचं गुऱ्हाळ होतं, आता बंद पडून बरीच वर्षं झाली. पण शब्द एक विसरलो नाही, विचारा कुठलाही.

ऊस घाण्यात घातला की रस एकीकडं आणि चिपाड एकीकडं. चिपाड वाळवून तेच जाळायचं. चुलवाण म्हणजे जमिनीत खोदलेली भली मोठी चूल, तिच्यावर काहील. काहील भरून एकदा रस उकळून गूळ पाडला की एक आधण झालं. 'आज किती आधणं निघाली?' हा रोजचा सवाल. आधणावर मजुरी, आधणावर हिशेब. चुलीत जाळ घालतो तो जळव्या. त्याला काहिलीतला रस दिसतसुद्धा नाही, तो खाली धगीसमोर बसलेला असतो, वरनं हाक आली की जाळ वाढवायचा, हाक आली की ओढायचा. रस उकळायला लागला की त्यात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालायचं, मग मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा होतो.

आणि सगळ्यांच्या वर गुळव्या. गूळ कधी झाला हे गुळव्या सांगणार. यंत्र नाही, काटा नाही. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटानं गोळी बघायची, एवढ्यावर सगळं. दोन मिनिटं आधी उतरलं तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. आमचा गुळव्या पाकाच्या बुडबुड्याचा आवाज ऐकून उठायचा. मी शेजारी बसून कितीदा ऐकला तो आवाज, मला फरक कधी कळला नाही. उतरलेला पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा, मग साच्यात भरून रवा काढायचा.

रवा म्हणजे आमच्याकडं गुळाची मोठी ढेप, तीस किलोच्या आसपास. माझी सूनबाई मुंबईची. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी तिला म्हणालो, 'अगं, घरात एक रवा ठेवलाय बघ.' तिनं सगळे डबे धुंडाळले, शिऱ्याचा रवा काही मिळाला नाही तिला, आणि रवा दारामागं पोत्यात होता.

अथणीचा माळकरी

सगळ्यांना रामराम. मी शेतकरी हाय, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या.

गुळव्याचं वाचून बरं वाटलं. पण नंदभाषेचं कौतुक मला पटलं नाही, ते बोलूनच दाखवतो. ताई, तुमच्या बाबांबद्दल राग नाही. पण त्या घोंगड्यावर बसलेल्यातला एक माझा बाप होता. निपाणीला न्हवं, आमच्या इकडच्याच बाजारात. वर्षभर राबलेल्या मालाचा भाव दोन माणसं त्याच्यासमोर बोलायची आणि त्याला एक अक्षर कळायचं नाही. घरी आला की म्हणायचा, 'आज माझ्यासमोर माझीच बोली लागली रे.' गुळव्याचे शब्द कामाचे हायत, ते शिकले की माणूस काम शिकतो. नंदभाषा कुणाला शिकवायची नसतीच, ती दुसऱ्याला बाहेर ठेवायसाठीच हाय. गेली तर जाऊ दे की.

आता बैलबाजाराचं सांगतो, त्यात थोडा फरक हाय. रायबाग तालुक्यात चिंचलीला मायाक्काची जत्रा भरते, तिथला जनावरांचा बाजार सगळ्यांना ठाऊक हाय. तिथं बैलाचं वय वर्षात कुणी विचारत नाही, 'किती दाती?' विचारतात. दुधाचे दात असतील तर आदात. दोन पक्के दात आले की दोनदाती, साधारण अडीच वर्षांचं खोंड. मग चारदाती, सहादाती. खालचे आठही आले की 'जुळला'. जुळल्यावर वय लपवता येतं, म्हणून जुळलेला बैल घेताना जाणता माणूस संगं न्यायचा. आणि भाव ठरतो तो रुमालाखाली. दलाल तुमचा हात रुमालाखाली धरतो आणि बोटं दाबतो. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. ते शेकडे हायत का हजार, हे बैलाकडं बघून दोघांनाही आधीच कळलेलं असतंय. तेही गुपितच, पण आजूबाजूच्या बघ्यांपासनं. ज्याचा बैल त्याचा हात रुमालाखाली असतो. माझ्या बापाचा हात वखारीत कुठं होता?

निपाणीची लेक

दादा, तुमचं बोलणं लागलं. खोटं नाही म्हणून लागलं.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, कॉलेजात असताना. 'त्या माणसाला कळू नये म्हणून तुम्ही तसं बोलता ना?' ते म्हणाले, 'मी भाव ठरवत नाही गं, मी नुसता बोलतो.' मला ते उत्तर तेव्हाही पुरलं नव्हतं. माझ्या शाळेची फी त्याच बोलण्यातून भरली गेली हेही मला कळत होतं, म्हणून पुढे विचारलं नाही.

शब्द विसरावेत असं मात्र मला वाटत नाही. विसरले तर काय घडत होतं तेही विसरलं जाईल. तुमच्या वडिलांचं वाक्य मी बाबांच्या वहीतच लिहून ठेवलंय, शेवटच्या पानावर, मुळू-पोकूच्या खाली.

उद्यमबाग थर्ड शिफ्ट

फौंड्रीतला एक शब्द देतो. हीट. भट्टीत लोखंड एकदा वितळवून ओतलं की एक हीट झाली. मी कामाला लागलो त्या आठवड्यात घरी येऊन म्हणालो, 'आज तीन हीट मारल्या, अंगात त्राण नाही.' आई घाबरली, तिला वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस काढून तळपायाला लावत बसली.

कास्टिंगमध्ये हवा अडकून भोक राहिलं की ते ब्लोहोल. सगळी मेहनत करून माल ब्लोहोलनं रिजेक्ट होतो. आता आमच्यात कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तरी म्हणतात, 'ब्लोहोल निघालं.'

खानापूरचा फौजी

जय हिंद. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यानं आमच्या खानापूर भागात घराआड एक फौजी. पलटणीतले शब्द गावात इतके मुरलेत की ते पलटणीचे आहेत हेही कुणाच्या ध्यानात नाही. जेवणाची जागा ती लंगर. पाठीवरची पिशवी पिट्टू. हत्यारं ठेवायची खोली कोत. शिक्षा म्हणून पळवणं, लोळवणं म्हणजे रगडा. रात्री पहाऱ्यावरचा जवान 'हुकुमदार!' ओरडतो ते मुळात इंग्रजीतलं 'हू कम्स देअर', पिढ्यानपिढ्या आपल्या पोरांच्या तोंडात घासून तसं झालं. आणि मराठा जवानाला बाकीची फौज 'गणपत' म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, नंतर त्या नावाला ओ देताना छाती भरून यायची.

पण मला लिहायचंय ते अथणीच्या दादांच्या बोलण्यावरून. न कळलेल्या शब्दाची किंमत सरकारी कचेरीतही मोजावी लागते. माझे चुलते मुंबईत गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, काही वर्षं तिथंच कुठंकुठं राबून शेवटी ते गावी परतले. शेतीसाठी कर्ज काढायला गेले तर एका कचेरीत कन्नडमध्ये सांगितलं, 'पहाणी तगोंड बर्री.' चुलत्यांना कन्नड येत नव्हतं, पण पहाणी शब्द ओळखीचा वाटला. पीक-पाहणी. त्यांना वाटलं साहेब शेत बघायला येणार. दोन दिवस बांधावर बसून राहिले, चहाचं सामान घेऊन. कुणी आलं नाही.

कर्नाटकात पहाणी म्हणजे आपला उतारा, महाराष्ट्रात ज्याला सात-बारा म्हणतात तो. आरटीसीही म्हणतात. तो घेऊन या, एवढंच सांगितलं होतं. तोवर त्या हप्त्याची मुदत गेली, त्या वर्षी बी उसनं आणावं लागलं. आता २००० च्या आसपास 'भूमी' ही सरकारची जमीन-नोंदीची योजना आल्यापासून पहाणी संगणकावर निघते, पण सगळी कन्नडमध्ये. आमच्या वाडीत अजूनही एका पोराकडं कागद घेऊन जातात वाचून घ्यायला. एकच शब्द, हद्दीच्या अलीकडं एक अर्थ, पलीकडं एक. ज्यांच्या शेतातनं हद्द गेली त्यांनाच हे कळेल.

धोटा

वडगावचा विणकर. आमच्याकडचे थोडे.

ताणा उभा, बाणा आडवा. बाण्याचं सूत कांडीवर भरतात, कांडी धोट्यात बसते, धोटा इकडून तिकडे पळतो. ताण्याचा एकेक धागा मागाच्या वहीतनं (लिहायची वही नव्हे, धागे वर-खाली करणारी) आणि फणीतनं ओवून घ्यायचा, ते काम वहिफणी. नजर गेली की वहिफणी सुटते, माझ्या वडिलांची पंचेचाळिशीत सुटली. इरकल लुगड्यात पदराचा ताणा वेगळा आणि अंगाचा वेगळा, दोन्ही फासे घालून जोडतात, त्याला तोप म्हणायचं. तोप नीट पडली नाही तर पदर तिथंच फाटतो.

ऊसवाल्यांची कांडी वेगळी, ती लागणीची, म्हणजे रानात लावायचा उसाचा तुकडा. शहापूरच्या बाजारात माझा आजोबा आणि एक ऊसवाला तासभर कांडीच्या भावावर बोलत होते म्हणतात, दोघंही आपापल्या कांडीवर.

चिकोडीची सून

माझं माहेर नाशिक. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'वाईच मीठ हुडकून दे.' वाईच म्हणजे थोडं हे दोन दिवसांनी कळलं. हुडकणे म्हणजे शोधणे हे लवकर कळलं, आणि आता तर शोधणे माझ्याच तोंडात येत नाही. कन्नडमध्येही हुडुकु म्हणजे शोध. तूपसुद्धा कन्नडमध्ये तुप्पच, अडकित्ताही तिकडचाच म्हणतात.

'मंदी'नं मात्र चांगलंच फसवलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, 'लगनात मंदी लई होती.' मला वाटलं आहेर कमी आला. मंदी म्हणजे माणसं! कन्नडमध्येही मंदी म्हणजे माणसंच.

आणि इथल्या बायका 'मी जातो, मी आलो' म्हणतात. सुरुवातीला कानाला खटकायचं. परवा फोनवर आईला म्हणाले, 'जेवलो गं मी.' ती क्षणभर गप्प झाली. मला वाटतं तेव्हा तिला कळलं की मी आता इकडची झाले.

तिसरं गेट

सूनबाई, छान लिहिलंत. त्यावरून एक. बोगारवेशीतून आयुष्यभर ये-जा केली, पण बोगार म्हणजे काय हे विचारायचं सुचलं नाही. एका कन्नड मित्रानं सांगितलं, बोगार म्हणजे कासार, तांब्यापितळेची भांडी करणारा. वेस आपली. अर्धा शब्द त्यांचा, अर्धा आपला, आणि सगळं गाव त्यातून जातं.

ज्यांना माझ्या नावाचं कोडं पडलं असेल त्यांच्यासाठी: टिळकवाडीत रेल्वेची फाटकं आहेत, त्यांना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट म्हणतात. पत्ता त्यावरूनच सांगायचा. शाळेला उशीर झाला की पोरांचं ठरलेलं उत्तर, 'सर, गेट पडलं होतं.' ते खरं की खोटं हे मला माझ्या घरात बसून गाडीच्या शिट्टीवरून कळायचं.

अथणीचा माळकरी

उसातले राहिले होते. पहिलं पीक लागणीचं, तोडल्यावर त्याच बुडख्यातनं येतं तो खोडवा, त्याच्या पुढचा निडवा. शेंड्याचं हिरवं ते वाडं, जनावरांना घालायचं. तोडायला येणाऱ्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. मुकादमाकडनं हंगामाआधी पैसे घेतात ती उचल. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडं.

आणि आमच्याकडनं जातं ते खुशाली आणि एन्ट्री. ऊस वाळायला लागला की टोळीला खुशाली द्या, गाडी भरली की डायव्हरला एन्ट्री द्या. नाव खुशाली, पण खुशीनं कुणी देत नाही. आमच्या पोरांना ह्या शब्दाचा दुसरा अर्थच ठाऊक नाही. पत्रात 'आपली खुशाली कळवा' लिहितात हे मी माझ्या नातवाला सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

निपाणीची लेक

काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. आई लग्नाआधी आणि नंतरही विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मजुरी हजारावर. तिला मी विचारलं, तुझा शब्द कुठला? लगेच म्हणाली, 'छाट.'

वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा मूठ उचलायचा, बघायचा आणि नापास बाजूला काढायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. पान खराब दिलेलं असलं तरी छाट बाईच्याच नावावर. आई म्हणाली, 'हजाराला हजार वळून कधी चालायचं नाही बघ. छाटीच्या वरच्या शंभर वळायच्या.' १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात नापास विड्यांवरून दाद मागायची सोय केली आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, दाद मागायला गेलं की दुसऱ्या दिवशी पान मिळायचं नाही.

मग स्वतःहून म्हणाली, 'तुझ्या बाबांची मुळू-पोकू मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळायला लागली होती. घरात दिवाळीचा खर्च ते त्याच भाषेत बोलायचे शेठच्या माणसाशी. मी कधी कळतंय म्हणून दाखवलं नाही.'

अथणीचा माळकरी

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा ताई.

एक विचारू? वह्या कुठल्या सालच्या हायत? १९८१ ची हाय काय? तंबाखूला भाव मिळावा म्हणून त्या साली निपाणीला शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता, शरद जोशी होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. माझा बाप भाकऱ्या बांधून गेलता तिथं. आमचा तंबाखूही न्हवता.

निपाणीची लेक

आहे दादा, १९८१ ची आहे. आत्ता काढून बघितली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोजची नोंद आहे. मग पानं कोरी आहेत. तारखा मात्र बाबांनी रोज टाकल्यात, पानाच्या वरच्या कोपऱ्यात, खाली काही नाही. एप्रिलच्या मध्यावर पुन्हा अक्षर दिसतं. एकच ओळ आहे: 'वखार उघडली. बोद आले नाहीत.'